रोहस प्रमाणन : सुट्या भागांच्या यादीपासून स्वाक्षरीपर्यंत

इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवणाऱ्या लहान कारखान्याला परदेशी खरेदीदाराचे पहिले पत्र येते, तेव्हा त्यात बहुतेक वेळा ‘रोहस प्रमाणपत्र पाठवा’ अशी एक ओळ असते. रोहस म्हणजे विद्युत व इलेक्ट्रॉनिक वस्तूंतील घातक पदार्थांवरचे निर्बंध. कारखानदार मग एखाद्या प्रयोगशाळेला तयार वस्तूचा एक नमुना देतो, मिळालेला अहवाल ‘प्रमाणपत्र’ म्हणून पाठवतो आणि विषय संपला असे समजतो. प्रत्यक्षात युरोपीय संघात किंवा भारतात असे प्रमाणपत्र देणारे सरकारी कार्यालयच नाही. घातक पदार्थांवरील निर्बंध पाळले आहेत, अशी घोषणा उत्पादकाने स्वतःच्या जबाबदारीवर करायची असते, आणि ती कशाच्या आधारावर केली हे दाखवणारी तांत्रिक फाइल जवळ ठेवायची असते. प्रयोगशाळेचा अहवाल हा त्या फाइलमधील अनेक कागदांपैकी एक कागद आहे. ही फाइल कशी उभी करावी, हे भोसरी किंवा सातपूरसारख्या औद्योगिक वसाहतीत बनू शकेल अशा एका नेहमीच्या वस्तूच्या, म्हणजे इंडक्शन शेगडीच्या, उदाहरणाने येथे सांगितले आहे.

कोणता कायदा लागू आहे ते आधी ठरवावे

युरोपीय संघाचा पहिला रोहस निर्देश २००२/९५/ईसी या क्रमांकाचा होता आणि तो १ जुलै २००६ पासून लागू झाला. शिसे, पारा, कॅडमियम, हेक्साव्हॅलंट (सहा संयुजेचे) क्रोमियम आणि पीबीबी व पीबीडीई ही दोन ब्रोमीनयुक्त अग्निरोधके असे सहा पदार्थ त्यात होते. त्याची जागा २०११/६५/ईयू या निर्देशाने घेतली आणि त्याबरोबर रोहसचे पालन ही सीई चिन्हाची, म्हणजे वस्तू युरोपीय नियमांना अनुरूप असल्याच्या खुणेची, एक अट झाली. पुढे २०१५/८६३ या दुरुस्तीने डीईएचपी, बीबीपी, डीबीपी आणि डीआयबीपी हे चार थॅलेट, म्हणजे प्लास्टिक मऊ करणारी रसायने, यादीत आले. बहुतेक वस्तूंना ते २२ जुलै २०१९ पासून, तर वैद्यकीय उपकरणे आणि मापन-नियंत्रण उपकरणांना २२ जुलै २०२१ पासून लागू झाले. कॅडमियमची मर्यादा वजनाच्या ०.०१ टक्का, म्हणजे १०० पीपीएम (दहा लाखांत १०० भाग) आहे. उरलेल्या नऊ पदार्थांची ०.१ टक्का, म्हणजे १,००० पीपीएम आहे.

भारतात हे निर्बंध ई-कचऱ्याच्या नियमांतून आले. २०११चे नियम १ मे २०१२ पासून अमलात आले, तरी त्यांतील घातक पदार्थांविषयीची तरतूद १ मे २०१४ पासून लागू झाली. त्यानंतर २०१६चे नियम आले. सध्याचे ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि या विषयासाठी त्यांतील नियम १६ पाहावा. मर्यादा युरोपसारख्याच आहेत, परंतु पदार्थ मूळचे सहाच आहेत. थॅलेट भारतीय यादीत नाहीत. त्यामुळे केवळ देशी बाजारासाठी केलेली सहा पदार्थांची फाइल युरोपीय ग्राहकाला पाठवली, तर ती पहिल्याच छाननीत अपुरी ठरते. दोन्ही बाजार डोळ्यांसमोर असतील, तर सुरुवातीपासून दहा पदार्थांवर काम करणे शहाणपणाचे आहे. दोन वेगळ्या फाइली सांभाळण्याचा खटाटोप त्यात वाचतो.

आपली वस्तू २०२२च्या नियमांच्या पहिल्या अनुसूचीत कोणत्या नावाने आणि कोणत्या संकेतांकाने येते, हे मूळ राजपत्रात पाहून ठरवावे. युरोपीय निर्देशात अकरा वर्ग असून, अकरावा वर्ग ‘आधीच्या दहांत न बसणारे सर्व काही’ असा असल्याने तेथे सुटका जवळपास नसते. शिवाय भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी ही विद्युत सुरक्षिततेची गोष्ट आहे. ती असल्यामुळे रोहसचे काम झाले, असा समज बाजारात बराच पसरलेला आहे आणि तो पूर्णपणे चुकीचा आहे.

वस्तूचे एकजिनसी पदार्थांत विघटन

मर्यादा लागू होते ती संपूर्ण वस्तूच्या वजनावर नव्हे आणि एखाद्या सुट्या भागाच्या वजनावरही नव्हे. ती प्रत्येक एकजिनसी पदार्थावर लागू होते. स्क्रू काढणे, कापणे, चिरडणे, दळणे, घासणे अशा यांत्रिक कृतींनी ज्याचे आणखी वेगळे पदार्थ करता येत नाहीत, तो एकजिनसी पदार्थ होय. शेगडीची विजेची वायर घेतली, तर तांब्याच्या तारा हा एक पदार्थ, त्यांवर कथिलाचा मुलामा असल्यास तो दुसरा, आतील वेष्टण तिसरा, बाहेरचे पीव्हीसी आवरण चौथा आणि आवरणावरील छपाईची शाई पाचवा. एका साध्या स्क्रूतही पोलाद आणि त्यावरील जस्ताचा थर असे किमान दोन पदार्थ असतात, आणि हेक्साव्हॅलंट क्रोमियमचा प्रश्न त्या मायक्रॉनमध्ये मोजायच्या थराच्या पृष्ठभागावरच उभा राहतो. चार किलो वजनाच्या शेगडीत शिसे किती, हा हिशेब त्यामुळे कोणीही विचारत नाही. एका डागणीतील (सोल्डरच्या सांध्यातील) कथिलात ते किती, हे मात्र विचारले जाते.

कामाची सुरुवात सुट्या भागांच्या यादीपासून, म्हणजे बीओएमपासून करावी. बहुतेक कारखान्यांतील बीओएम खरेदी विभागासाठी केलेली असते. तिच्यात डागकामाची तार, फ्लक्स, गोंद, थर्मल पेस्ट, केबल टाय, बारकोडचे लेबल, रबरी पाय आणि काचेवरील छपाई नसते. वस्तूच्या अंगावर राहून ग्राहकापर्यंत जाणारी प्रत्येक गोष्ट या यादीत आली पाहिजे. पॅकिंगचा खोका रोहसच्या कक्षेत येत नाही, परंतु खोक्यात वस्तूबरोबर दिलेली वायर किंवा रिमोट येतो. यादीतील प्रत्येक ओळीपुढे पुरवठादार, मूळ उत्पादक, उत्पादकाचा भाग क्रमांक आणि पर्यायी भाग असल्यास त्याचाही क्रमांक लिहावा. ‘रेझिस्टर, १० किलोओहम, लॅमिंग्टन रोड’ अशी केवळ मुंबईच्या बाजाराचे नाव सांगणारी नोंद या कामाला निरुपयोगी आहे, कारण तिच्यावरून कोणाचेही घोषणापत्र मागता येत नाही.

कोठे काय सापडते

सर्व भागांची सर्व पदार्थांसाठी चाचणी करणे कोणालाही परवडत नाही, आणि कायद्याचीही तशी अपेक्षा नाही. तांत्रिक फाइलसाठी मान्य असलेले मानक ईएन आयईसी ६३०००:२०१८ हे आहे. जुने ईएन ५०५८१:२०१२ आता चालत नाही. या मानकाचा गाभा जोखमीचा अंदाज हा आहे. एखाद्या पदार्थात निर्बंधित घटक असण्याची शक्यता किती आणि त्या पुरवठादाराच्या शब्दावर विश्वास किती, या दोन प्रश्नांची उत्तरे पाहून प्रत्येक भागासाठी कोणता पुरावा पुरेसा, हे उत्पादकानेच ठरवायचे असते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी पदार्थांची ओळख लागते, म्हणून त्यावर थोडे थांबणे योग्य ठरेल.

सर्वांत आधी मऊ पीव्हीसीकडे पाहावे. वायरचे आवरण, ग्रोमेट, स्लीव्ह यांत लवचिकतेसाठी डीईएचपी आणि उष्णतेत टिकण्यासाठी शिशाची स्थिरके वापरण्याची जुनी पद्धत आहे, आणि स्वस्त मालात ती अजून आढळते. वायरीकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, याचे प्रसिद्ध उदाहरण रोहसच्याही आधीचे आहे. २००१च्या अखेरीस नेदरलँड्सच्या अधिकाऱ्यांनी सोनीच्या प्लेस्टेशनचा मोठा साठा अडवला. जोडवायरींमध्ये कॅडमियमचे प्रमाण देशाच्या कायद्यापेक्षा जास्त निघाले होते. दोष खेळाच्या यंत्रात नव्हता, बाहेरून घेतलेल्या वायरीत होता. पुरवठादारांची छाननी करण्याची पद्धत त्या कंपनीने त्यानंतरच कडक केली.

दुसरे ठिकाण प्लेटिंगचे. जस्ताच्या मुलाम्यावर केले जाणारे पिवळसर, इंद्रधनुषी छटेचे क्रोमेट पॅसिव्हेशन (गंजरोधक थर) पारंपरिक पद्धतीत हेक्साव्हॅलंट क्रोमियमचे असते. प्लेटिंगचे काम बहुधा जॉबवर्कवर बाहेर दिले जाते आणि प्लेटिंगवाल्याकडे दोन्ही प्रकारच्या टाक्या शेजारीशेजारी असू शकतात, म्हणून खरेदी आदेशातच ‘ट्रायव्हॅलंट (तीन संयुजेच्या क्रोमियमचे) पॅसिव्हेशन’ असे लिहावे. केवळ रंगावरून निष्कर्ष काढू नये. ट्रायव्हॅलंट थरही रंगवून पिवळा करता येतो, आणि निळसर पांढरा दिसणारा थर हेक्साव्हॅलंट असू शकतो. स्टेनलेस स्टीलमधील क्रोमियम मात्र धातुरूप असते; त्याचा या निर्बंधाशी संबंध नाही.

तिसरे ठिकाण म्हणजे रंगीत आणि पुनर्वापराचे प्लास्टिक. जुन्या टीव्ही-संगणकांच्या कवचांपासून केलेल्या काळ्या दाण्यात पीबीडीई येऊ शकते, तर गडद लाल, नारिंगी व पिवळ्या रंगद्रव्यात कॅडमियम असू शकते. मोल्डिंग करणाऱ्याने दर कमी लावला असेल, तर तो दाणा कोठून घेतो हे अवश्य विचारावे. शेगडीच्या काचेवरील भाजलेल्या रंगाच्या छपाईत शिसे व कॅडमियम असण्याची शक्यता असते. रिलेच्या संपर्कबिंदूंसाठी सिल्व्हर-कॅडमियम ऑक्साइड वापरले जात असे, आणि त्याला युरोपात असलेली सवलत आता मोजक्याच प्रकारच्या स्विच व संरक्षकांपुरती उरली आहे. पितळी टर्मिनलमध्ये कापकाम सोपे व्हावे म्हणून शिसे मुद्दाम मिसळलेले असते.

नामांकित उत्पादकांचे चिप रेझिस्टर, सिरॅमिक कपॅसिटर, मायक्रोकंट्रोलर यांची जोखीम त्या मानाने कमी आहे. मात्र अट अशी की माल अधिकृत वितरकाकडून आलेला असावा.

पुरवठादाराकडून काय मागावे आणि ते कसे वाचावे

पुरवठादाराला ‘रोहस प्रमाणपत्र द्या’ असे लिहिले, तर तो जे हाताशी असेल ते पाठवतो. त्याऐवजी नेमके मागावे : भाग क्रमांकासह स्वाक्षरी केलेले घोषणापत्र, ज्यात २०११/६५/ईयू आणि २०१५/८६३ या दोन्ही क्रमांकांचा उल्लेख आहे, दहाही पदार्थांची नावे आहेत, आणि सवलत घेतली असल्यास तिचा क्रमांक आहे. जोखीम जास्त असलेल्या भागांसाठी पदार्थनिहाय घटकपत्रक मागावे. आयईसी ६२४७४ किंवा आयपीसी-१७५२ या नमुन्यांत ते मिळाले तर उत्तम. शक्य असेल तेथे खरेदी करारातच अट घालावी की, पदार्थात बदल करण्यापूर्वी लेखी सूचना द्यावी लागेल.

आलेला कागद फाइलमध्ये लावण्यापूर्वी वाचावा, हे सांगण्याची गरज नसावी. परंतु न वाचलेल्या कागदांनी भरलेल्या फाइली पुष्कळ असतात. कागदावर २००२/९५/ईसी हाच निर्देश लिहिलेला असेल, तर तो रद्द झालेल्या कायद्याचा दाखला आहे. पदार्थ सहाच असतील, तर थॅलेटबद्दल काहीच माहिती नाही. घोषणापत्र व्यापाऱ्याचे असेल आणि मूळ उत्पादकाचे नसेल, तर त्याला कितपत वजन द्यायचे ते ठरवावे लागेल. सोबतचा चाचणी अहवाल पांढऱ्या दाण्याचा आणि आपण घेतो तो काळा असेल, तर तो अहवाल आपल्या मालाचा नाहीच. ‘आमच्या माहितीप्रमाणे उत्पादन अनुरूप असावे’ अशा गोलमाल वाक्याचे कागद सरळ परत पाठवावेत. एखाद्या सल्लागार संस्थेने स्वतःच्या बोधचिन्हासह दिलेले चकचकीत ‘रोहस सर्टिफिकेट’ येते तेव्हा, त्यामागे कोणत्या भागांची कोणती तपासणी झाली एवढेच विचारावे. उत्तर मिळाले नाही, तर त्या कागदाची किंमत शून्य धरावी.

सवलती : तारखांचा खेळ

काही उपयोगांसाठी पर्याय नसल्यामुळे निर्देशाच्या तिसऱ्या आणि चौथ्या परिशिष्टात सवलती दिल्या आहेत. शेगडीसारख्या वस्तूत हमखास लागणाऱ्या सवलती थोड्याच आहेत. पॉवर ट्रान्झिस्टरच्या आत चिप बसवण्यासाठी ८५ टक्के किंवा त्याहून अधिक शिसे असलेले उच्च वितळबिंदूचे सोल्डर वापरतात, त्याची सवलत ७(अ). चिप रेझिस्टरमधील काच आणि बझरमधील पीझोसिरॅमिक यांतील शिशाची सवलत ७(क)-१. तांब्याच्या मिश्रधातूत, म्हणजे पितळी टर्मिनलमध्ये, वजनाच्या ४ टक्क्यांपर्यंत शिशाला मुभा देणारी सवलत ६(क). पोलादात ०.३५ टक्के आणि ॲल्युमिनियममध्ये ०.४ टक्के शिशाची मुभा ६(अ) व ६(ब) या गटांत येते.

प्रत्येक सवलतीला मुदत आहे. मुदत संपण्याच्या किमान १८ महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज आला, तर निर्णय होईपर्यंत जुनी सवलत चालू राहते. अर्ज फेटाळला गेला, तर निर्णयानंतर १२ ते १८ महिन्यांचा अवधी मिळतो. मधल्या काळात एका सवलतीचे पोटभाग केले जातात आणि क्रमांकही बदलतात. म्हणून सवलतींचा वेगळा तक्ता ठेवून त्यात भाग, सवलतीचा चालू क्रमांक आणि तिची मुदत लिहावी, आणि दर सहा महिन्यांनी निर्देशाच्या एकत्रित चालू मजकुराशी तो ताडून पाहावा. भारतीय सवलती २०२२च्या नियमांच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत. त्या युरोपीय यादीच्या जुन्या रूपाशी मिळत्याजुळत्या असल्या, तरी एकीचा क्रमांक दुसरीकडे वापरू नये.

आणखी एक धागा येथे जोडलेला आहे. सवलतीमुळे पितळात शिसे चालते, परंतु शिसे हा धातू २०१८ पासून युरोपच्या रीच या रसायनविषयक नियमावलीतील अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत आहे. सुट्या भागात तो ०.१ टक्क्यापेक्षा जास्त असेल, तर ग्राहकाला तसे कळवावे लागते, आणि ५ जानेवारी २०२१ पासून तेथील आयातदाराला त्याची नोंद स्किप नावाच्या डेटाबेसमध्ये करावी लागते. आयातदार ही माहिती आपल्याकडूनच मागणार, तेव्हा सवलतींचा तक्ता नीट असेल तर हे उत्तर त्यातूनच देता येते.

चाचणी : कशाची, कोणत्या पद्धतीने

कागदांनी समाधान न झालेले भाग चाचणीला जातात. पद्धती आयईसी ६२३२१ या मालिकेत दिल्या आहेत. पहिली चाळणी एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी मूलद्रव्ये मोजणाऱ्या, यंत्राची असते. ते यंत्र नमुना न फोडता काही मिनिटांत शिसे, पारा, कॅडमियम, एकूण क्रोमियम आणि एकूण ब्रोमीन दाखवते. प्लास्टिकसाठी मानकाने आखलेल्या चाळणीत शिसे ७०० पीपीएमच्या खाली, यंत्राची अनिश्चितता वजा करून, आले तर पास. १,३०० पीपीएमच्या वर, अनिश्चितता मिळवून, गेले तर नापास. मधला पट्टा रासायनिक चाचणीसाठी. कॅडमियमसाठी हेच आकडे ७० आणि १३० आहेत. ब्रोमीन सुमारे ३०० आणि क्रोमियम ७०० पीपीएमच्या वर गेल्यास पुढची चाचणी करावी लागते, कारण एक्सआरएफ मूलद्रव्य मोजते. त्याचे संयुग कोणते, हे त्याला कळत नाही.

याचे नेहमी गोंधळात टाकणारे उदाहरण म्हणजे सर्किट बोर्ड. एफआर-४ जातीच्या (काचतंतू व इपॉक्सीच्या) बोर्डात ब्रोमीन टक्क्यांच्या घरात निघते आणि पाहणारा घाबरतो. ते ब्रोमीन बहुधा टीबीबीपीए या अग्निरोधकाचे असते. ते इपॉक्सीच्या साखळीत बांधलेले असून रोहसच्या यादीत नाही. पीबीबी किंवा पीबीडीई आहे की नाही, हे मालिकेच्या सहाव्या भागातील जीसी-एमएस (संयुगे वेगळी करून ओळखणाऱ्या) चाचणीनेच ठरते. थॅलेट तर एक्सआरएफला दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी आठव्या भागातील पद्धत लागते. ज्या अहवालात फक्त एक्सआरएफचे आकडे आहेत, त्याच्या आधारे थॅलेटबद्दल काहीही म्हणता येत नाही.

एक्सआरएफच्या आणखी दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. किरण पातळ मुलाम्याच्या आरपार जातात, त्यामुळे निकेल चढवलेल्या पितळी टर्मिनलवर दिसलेले शिसे मुलाम्यातील आहे की पितळातील, हे एका वाचनावरून सांगता येत नाही. तसेच आर्सेनिक आणि शिसे यांच्या मुख्य रेषा जवळपास एकाच ऊर्जेला येतात, आणि काचेसारख्या पदार्थात आर्सेनिक शिशाचा आव आणू शकते.

जस्ताच्या मुलाम्यावरील हेक्साव्हॅलंट क्रोमियमची चाचणी भाग ७-१ प्रमाणे होते. नमुना उकळत्या पाण्यात ठेवून त्या अर्कात डायफिनाइलकार्बाझाइड घालतात, आणि हेक्साव्हॅलंट क्रोमियम असल्यास जांभळट रंग येतो. निकाल पीपीएममध्ये नसून पृष्ठभागाच्या हिशेबाने असतो : दर चौरस सेंटिमीटरला ०.१० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असल्यास नाही, ०.१३ पेक्षा जास्त असल्यास आहे, आणि मधल्या पट्ट्यात अनिश्चित.

नमुना कसा घेतला, यावर सगळे अवलंबून आहे. संपूर्ण बोर्ड दळून त्याच्या पुडीची चाचणी करणे स्वस्त पडते, परंतु त्यात एका डागणीतील शिसे तांबे, काच आणि इपॉक्सीच्या वजनात विरून जाते आणि आकडा फसवा कमी येतो. असा मिश्र नमुन्याचा निकाल पुरावा म्हणून धरू नये. प्रयोगशाळेला आपणच भागांची यादी द्यावी, कोणत्या भागाचा कोणता पदार्थ तपासायचा ते लिहावे, आणि अहवालात प्रत्येक नमुन्याचे छायाचित्र, वर्णन, पद्धतीचा क्रमांक व शोधमर्यादा मागावी. प्रयोगशाळा आयएसओ/आयईसी १७०२५ प्रमाणे एनएबीएल या राष्ट्रीय मान्यता मंडळाची मान्यता असलेली असावी, आणि ती मान्यता नेमक्या याच चाचण्यांसाठी आहे की नाही, हे तिच्या मान्यतेच्या व्याप्तीत पाहून घ्यावे. खासगी प्रयोगशाळा पुणे-मुंबई परिसरात आहेत. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाखालील सी-मेट या संस्थेची रोहस चाचणीची सोय तिच्या हैदराबाद केंद्रात आहे.

स्वतःच्या कारखान्यातील शिसे

सर्व भाग शुद्ध आले तरी डागकामात शिसे शिरू शकते, आणि हा धोका पुरवठादाराच्या कोणत्याच कागदात दिसत नाही. पूर्वीची ६३/३७ कथिल-शिसे मिश्रधातू १८३ अंश सेल्सिअसला वितळते. शिसेविरहित एसएसी-३०५, म्हणजे ९६.५ टक्के कथिल, ३ टक्के चांदी आणि ०.५ टक्का तांबे, २१७ अंशांच्या पुढे वितळते. चांदीचा खर्च नको म्हणून वेव्ह सोल्डरिंगच्या (वितळलेल्या मिश्रधातूच्या लाटेवरून बोर्ड नेण्याच्या) टाकीत पुष्कळदा २२७ अंशांना वितळणारे कथिल-तांबे वापरतात. देशी दुरुस्तीच्या किंवा जुन्या उत्पादनाच्या कामासाठी एकाच छताखाली शिशाचे डागकामही चालत असेल, तर गोंधळाला वेळ लागत नाही.

हिशेब करून पाहावा. टाकीत ३०० किलो मिश्रधातू आहे. तिची ०.१ टक्क्याची मर्यादा म्हणजे ३०० ग्रॅम शिसे. ६३/३७च्या एक किलोच्या एका कांडीत ३७० ग्रॅम शिसे असते. रात्रपाळीत एक चुकीची कांडी टाकीत पडली, तर संपूर्ण टाकी मर्यादेबाहेर जाते आणि त्यानंतर निघालेला प्रत्येक बोर्ड निर्देशाचा भंग करणारा ठरतो. म्हणून शिसेयुक्त माल वेगळ्या, कुलूपबंद जागी ठेवावा, सोल्डरिंग आयर्न व त्यांची टोके रंगाने वेगळी करावीत, दुरुस्तीच्या टेबलावरही हाच नियम लावावा, आणि टाकीतील मिश्रधातूचा नमुना ठरलेल्या अंतराने विश्लेषणाला पाठवून त्या अहवालांची साखळी फाइलमध्ये ठेवावी. अधिकारी किंवा ग्राहकाचा तपासनीस कारखान्यात आला, तर तो टाकीच हमखास पाहतो.

थॅलेटचेही असेच एक दुखणे आहे. ते प्लास्टिकात घट्ट बांधलेले नसतात आणि संपर्कातील दुसऱ्या प्लास्टिकात किंवा रबरात झिरपतात. डीईएचपी असलेल्या जुन्या वायरींची भेंडोळी नव्या मालाच्या खणात महिनोन्महिने पडून राहिली, तर शुद्ध आलेला मालही दूषित होऊ शकतो. गोदामात त्यांची जागा वेगळी ठेवावी.

फाइल आणि घोषणापत्र

तांत्रिक फाइलमध्ये वस्तूचे सर्वसाधारण वर्णन, बीओएम, जोखमीचा तक्ता व त्यामागची कारणे, पुरवठादारांचे कागद, सवलतींचा तक्ता, चाचणी अहवाल आणि कारखान्यातील नियंत्रणाच्या नोंदी यावेत. तपासणाऱ्याला एका भाग क्रमांकावरून त्याच्या पुराव्यापर्यंत दोन मिनिटांत जाता आले पाहिजे, म्हणून प्रत्येक कागदाला क्रमांक देऊन तो बीओएमच्या त्या ओळीत लिहावा. कारणे लिहिण्याचा लोकांना कंटाळा येतो. परंतु ‘या भागाची चाचणी का केली नाही’ या प्रश्नाला लिहून ठेवलेले उत्तर असणे, हेच या मानकाचे सार आहे.

युरोपीय घोषणापत्राचा मजकूर निर्देशाच्या सहाव्या परिशिष्टात ठरवून दिला आहे. घोषणापत्राचा किंवा वस्तूचा अनन्य क्रमांक, उत्पादकाचे नाव-पत्ता, ‘ही घोषणा उत्पादकाच्या सर्वस्वी जबाबदारीवर काढली आहे’ हे विधान, वस्तूची ओळख पटेल असे वर्णन, २०११/६५/ईयूशी अनुरूपतेचे विधान, वापरलेल्या मानकांचे क्रमांक, आणि शेवटी स्थळ, दिनांक, नाव, हुद्दा व स्वाक्षरी. विद्युत सुरक्षा आणि विद्युतचुंबकीय अनुरूपतेचे निर्देशही लागू असतील, तर सर्वांचे मिळून एकच घोषणापत्र करावे. वस्तू ज्या देशात विकली जाईल, त्या देशाने मागितलेल्या भाषेत त्याचे भाषांतर द्यावे लागते. फाइल आणि घोषणापत्र वस्तू बाजारात आणल्यापासून १० वर्षे जपावे लागतात. सीई चिन्हाची उंची किमान ५ मिलिमीटर हवी. हिरव्या पानासह ‘रोहस’ लिहिलेले बोधचिन्ह हौसेने लावले जाते, परंतु युरोपीय कायद्यात त्याला काही स्थान नाही.

भारतासाठी वेगळे चिन्ह नाही. वस्तूच्या माहितीपुस्तिकेत उपकरणातील घटकांची माहिती आणि नियमांच्या मर्यादा पाळल्याची घोषणा छापावी लागते. उत्पादक म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते. सूक्ष्म उद्योग नियमांच्या कक्षेबाहेर ठेवलेले आहेत, तरी मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्या सूक्ष्म उद्योगाकडे ती कंपनी कागद मागणारच. मंडळ बाजारातून नमुने उचलून चाचणी करू शकते. नमुना नापास झाला, तर चाचणीचा खर्च उत्पादकावर येतो, दोष दुरुस्त करावा लागतो आणि माल बाजारातून परत घ्यावा लागतो. १ मे २०१४ पूर्वी बाजारात आलेल्या उपकरणांच्या सुट्या भागांना, अनुरूप पर्याय मिळत नसल्यास, सूट मिळू शकते.

फाइल चालू ठेवणे

घोषणापत्रावर स्वाक्षरी झाली त्या दिवशी फाइल खरी असते. नंतर कारखान्यातील प्रत्येक बदल तिला थोडी खोटी करत जातो. बझर संपला म्हणून खरेदी विभागाने दुसऱ्या कंपनीचा घेतला, मोल्डरने दाणा बदलला, प्लेटिंगचे काम स्वस्त पडते म्हणून दुसरीकडे गेले, हे बदल यंत्राच्या कामगिरीत दिसत नाहीत, म्हणून कोणी कळवत नाही. यावर उपाय म्हणजे पर्यायी भागाचा क्रमांक रोहस नोंदीशिवाय खरेदी प्रणालीत उघडलाच जाणार नाही, अशी सोय करणे. साध्या एक्सेल तक्त्यातही हे साधता येते, फक्त त्या तक्त्याचा मालक एकच माणूस असावा. मोठ्या ग्राहकांना पद्धतशीर व्यवस्था हवी असल्यास आयईसीक्यू क्यूसी ०८०००० या प्रणालीचे प्रमाणन घेता येते, परंतु ते ऐच्छिक आहे आणि ते मिळाल्याने एखाद्या वस्तूचे घोषणापत्र आपोआप तयार होत नाही.

आवक मालाची नमुना तपासणी जोखमीच्या क्रमाने आखावी. पीव्हीसी वायर, प्लेटिंग केलेले स्क्रू, रंगीत मोल्डिंग यांच्या प्रत्येक नव्या लॉटमधून नमुना, आणि अधिकृत वितरकाच्या अर्धसंवाहकांसाठी वर्षातून एकदा कागदांची उजळणी, एवढे प्रमाण लहान कारखान्याला पेलते. हाताळता येणारे एक्सआरएफ यंत्र विकत घेणे मात्र मासिक नमुन्यांची संख्या मोठी असल्याशिवाय परवडत नाही. तोवर नमुन्यांची पाकिटे साठवून महिन्यातून एकदा प्रयोगशाळेत पाठवावीत, आणि निकाल येईपर्यंत तो लॉट उत्पादनासाठी सोडू नये.